सौद्यातला शब्द : रुमालाखालच्या बोटांपासून संगणकावरच्या शेऱ्यांपर्यंत

मिरजेहून कोल्हापूरला निघालेली गाडी अंकलीजवळ कृष्णा ओलांडते आणि थोड्याच वेळात जयसिंगपूरला थांबते. हा लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला, तेव्हा या नावाचं गाव नव्हतं. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात शिरोळ भागात ही पेठ वसवली आणि तिला आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे यांचं नाव दिलं. सरळ रस्ते, त्यांना काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या आणि गल्ल्यांना क्रमांक. ही पेठ आधी कागदावर आखली आणि मग उभी राहिली, हे आजही जयसिंगपुरात कुणाचा पत्ता विचारला की कळतं.

महाराजांचा हा पहिला प्रयोग नव्हता. १८९४ साली राज्यकारभार हाती आला आणि पुढच्याच वर्षी त्यांनी कोल्हापुरात शाहूपुरी वसवली. ती पुढे गुळाची मोठी पेठ झाली. जयसिंगपूरच्या शेजारी सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थानं होती आणि त्यांच्या पेठा जुन्या, भरलेल्या होत्या. कृष्णा-पंचगंगेच्या काळ्या रानातला माल त्या पेठांकडे जाण्याऐवजी रेल्वेच्या काठी आपल्याच संस्थानात विकला जावा, हा यामागचा विचार होता. तंबाखू आणि भुईमुगाच्या व्यापारावर जयसिंगपूर वाढलं.

पण गाळे बांधून आणि रस्ते आखून पेठ पुरी होत नाही. सौदा दोन अनोळखी माणसांत होतो. एकाला मालाची प्रत ठाऊक असते, दुसऱ्याला पैसे कधी देणार हे ठाऊक असतं आणि दोघांनाही समोरच्याचं मन ठाऊक नसतं. फसवणूक झाली तर तसं उघड बोलता येतं का, बोललं तर कोण ऐकतं आणि बोलणाऱ्याला त्याची किंमत काय मोजावी लागते, या तीन प्रश्नांवर प्रत्येक बाजाराचा न्याय ठरत आला आहे. जयसिंगपूरच्या पेठेला हे प्रश्न होते. आणि १९९५ नंतर अमेरिकेत संगणकावर लिलाव सुरू झाले, तेव्हा तिथेही हेच प्रश्न उभे राहिले.

आधी आपल्याकडची जुनी रीत पाहू. महाराष्ट्रातल्या अनेक पेठांत माल विकला जाई तो हत्ता पद्धतीने. अडत्या आणि खरेदीदार एकमेकांचा हात हाती घेत, त्यावर उपरणं किंवा रुमाल टाकत आणि कापडाखाली बोटं दाबून भाव सांगत. कोणती बोटं धरली, किती वेळा दाबली, यावर रुपये आणि आणे ठरत. एकामागून एक खरेदीदार येई, हात कापडाखाली जाई आणि बाहेर येई. शेवटी अडत्या शेतकऱ्याला भाव सांगे. शेतकरी तिथेच उभा असे, माल त्याचाच असे, पण कोणी किती बोली लावली हे त्याला कधीच कळत नसे. सर्वांत चढा भाव देणाऱ्यालाच माल गेला की अडत्याच्या मर्जीतल्याला, हे तपासायची सोय नव्हती.

यात अडत्या वाईट आणि शेतकरी भोळा, असा सरळ हिशेब नव्हता. दोष रचनेतच होता. शेतकरी हंगामात एकदा-दोनदा पेठेत येई, तर खरेदीदार रोज त्याच पेढीवर बसलेला असे. अडत्या नावाने शेतकऱ्याचा प्रतिनिधी, पण त्याचा रोजचा धंदा खरेदीदाराच्या मर्जीवर चाले. वर शेतकऱ्याने पेरणीच्या वेळी त्याच अडत्याकडून उचल घेतलेली असे. हिशोबपट्टी हातात पडली की अडत, तोलाई, हमाली, कडता, नमुना, धर्मादाय अशा कपातींची रांग दिसे. त्यातली एखादी खोटी वाटली तरी बोलणार कोणापुढे? पुढच्या वर्षी दुसऱ्या पेढीवर जावं तर उचल फिटलेली नसे. खरेदीदार मात्र मालाला नाव ठेवायला मोकळा होता: ओल जास्त आहे, माती आहे, वजनात धरणार नाही. एका बाजूला बोलायची पूर्ण मुभा आणि दुसरीला गप्प बसण्याची सक्ती, असा तो बाजार होता.

ही कोंडी फोडायची सुरुवात कापसाने झाली. मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ, बिनभेसळीचा कापूस हवा होता. त्या ओढीतून हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने १८८६ साली वऱ्हाडातल्या कारंजा इथे देशातला पहिला नियंत्रित बाजार सुरू झाल्याचं मानलं जातं. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. मुंबई इलाख्याने १९२७ साली कापूस बाजाराचा कायदा केला. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या शेती आयोगाने १९२८ साली आपला अहवाल दिला, त्यात बाजारातल्या अशा गैरप्रथांची नोंद करून देशभर नियंत्रित बाजार असावेत अशी शिफारस केली. १९३९ साली मुंबई इलाख्याचा शेतमाल बाजार कायदा झाला. कोल्हापूर संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झालं आणि जयसिंगपूरची पेठही त्या कायद्याच्या वाटेवर आली. पुढे महाराष्ट्राने १९६३ साली स्वतःचा कृषी उत्पन्न बाजार कायदा केला. आजच्या बाजार समित्या त्याच कायद्यावर उभ्या आहेत.

या कायद्यांनी काय बदललं? रुमाल काढून टाकला. सौदे उघड्यावर, सर्वांच्या कानावर पडतील अशा आवाजात होऊ लागले. काटा तपासलेला हवा, तोलाईदार परवान्याचा हवा, कपाती ठरलेल्या हव्यात, पैसे तत्काळ चुकते व्हावेत, वाद झाला तर समितीने तो सोडवावा, आणि अडत्याने किंवा खरेदीदाराने लबाडी केली तर त्याचा परवाना रद्द करता यावा, असे नियम आले. बाजार समितीत शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींना बहुमत मिळालं. शेतकऱ्याची तक्रार ऐकायला एक जागा झाली, हे या साऱ्याचं सार.

जागा झाली, तरी भीती गेली नाही. अडत्याची उचल तशीच राहिली आणि काही मालांच्या बाबतीत खरेदीदार मूठभरच राहिले. एकेकट्याची तक्रार अशी वर्षानुवर्षं दबत गेली की ती शेवटी रस्त्यावर येते. जयसिंगपूरच्या दक्षिणेला, मराठी बोलणाऱ्या सीमाभागात, निपाणीला तेच घडलं. १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी भावासाठी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडलं. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात शेतकरी मेले. आपल्या खरेदीदाराविषयी चार शब्द बोलण्यासाठी हजारो माणसांना घर सोडून महामार्गावर बसावं लागलं, हे त्या बाजाराविषयीचं सर्वांत कठोर मत होतं.

याच परिसरात एक वेगळी, शांतपणे चालणारी रीतही रुजली. तासगाव आणि सांगलीच्या बेदाणा बाजारात दिवाळीच्या सुमारास सौदे काही आठवडे बंद ठेवतात. त्या काळात खरेदीदारांनी अडत्यांची आणि अडत्यांनी शेतकऱ्यांची सगळी येणी चुकती करायची. बाजार याला ‘शून्य पेमेंट’ म्हणतो. बाकी शून्य केली नाही त्याला पुन्हा सुरू होणाऱ्या सौद्यांत बोली लावू देत नाहीत. या रिवाजात कोणी कोणाविषयी मत देत नाही. अमुक व्यापारी चांगला, तमुक वाईट, असं बोलायची गरजच पडत नाही. एकच गोष्ट तपासली जाते: पैसे दिले की नाही. उत्तर वहीत असतं, आणि ज्याची बाकी उरली तो सर्वांसमोर बाहेर राहतो. दुबळ्याला तोंड उघडावं लागत नाही, म्हणून त्याच्यावर डूखही धरता येत नाही. या साध्या रिवाजाचं मोल संगणकावरच्या लिलावांचा इतिहास पाहिला की नीट उमगतं.

१९७० साली अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी एक निबंध लिहिला. विषय होता जुन्या मोटारींचा बाजार. विकणाऱ्याला मालाचा दोष ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशी स्थिती असेल तर चांगला माल हळूहळू बाजारातून निघून जातो, असं त्यांनी दाखवलं. अकरलॉफ भारतात राहून गेले होते आणि त्या निबंधात इथल्या बाजारातल्या तांदळात मुद्दाम मिसळलेल्या खड्यांचा दाखलाही आहे. २००१ साली त्यांना नोबेल मिळालं. तोवर जगात असा बाजार उभा राहिला होता जिथे घेणाऱ्याला तांदूळ हातात घेऊन पाहायचीही सोय नव्हती.

सप्टेंबर १९९५ मध्ये पिएर ओमिड्यार या संगणक अभियंत्याने ‘ऑक्शनवेब’ नावाने लिलावाचा बाजार उघडला. तोच पुढे ‘ईबे’ झाला. हजारो मैलांवरची दोन अनोळखी माणसं, मधे ना अडत्या ना तोलाईदार. भांडणं लगेच सुरू झाली आणि ती सोडवून द्या म्हणून लोक ओमिड्यार यांना लिहू लागले. फेब्रुवारी १९९६ मध्ये त्यांनी शेऱ्यांची पद्धत सुरू केली. सौदा झाला की खरेदीदाराने विक्रेत्याला आणि विक्रेत्याने खरेदीदाराला शेरा द्यायचा: चांगला, वाईट किंवा मधला. शेरे सर्वांना दिसणार आणि त्यांची बेरीज त्या माणसाच्या नावापुढे कायम राहणार. बहुतेक माणसं प्रामाणिक असतात, हा त्यांचा विश्वास होता.

या शेऱ्यांना बाजारभाव आला. पॉल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या पोस्टकार्डांच्या एका अनुभवी विक्रेत्याकडून एक प्रयोग करवून घेतला. सारखाच माल काही वेळा त्याच्या नावाजलेल्या खात्यावरून आणि काही वेळा नव्या, शेरे नसलेल्या खात्यांवरून विकला. नावाजलेल्या खात्याला सरासरी ८.१ टक्के जास्त किंमत मिळाली. पेढीची पत म्हणून आपण जे ओळखतो, ते इथे पैशात मोजून दाखवलं गेलं.

पण रेझनिक आणि रिचर्ड झेकहाउसर यांनी १९९९ मधले सौदे तपासले तेव्हा चित्र विचित्र दिसलं. निम्म्याहून थोडे जास्त खरेदीदार शेरा देत होते आणि त्या शेऱ्यांपैकी ९९.१ टक्के चांगले होते. वाईट शेरे होते ०.६ टक्के. अनोळखी माणसांच्या बाजारात शंभरातले नव्याण्णव सौदे निर्दोष होतात, यावर पेठेत एक दिवस काढलेला माणूससुद्धा विश्वास ठेवणार नाही. असमाधानी माणसं गप्प बसत होती.

ती का गप्प बसत होती, हेही संशोधकांनी शोधलं. शेरे दोन्ही बाजूंनी होते, पण एकाचा शेरा दुसऱ्याला लगेच दिसत असे. चतुर विक्रेता आधी स्वतः शेरा देत नसे. खरेदीदाराने वाईट लिहिलं की तोही उलटा वाईट शेरा टाके, मग खरेदीदाराने पैसे वेळेवर भरले असले तरी. त्याचा शेरा हे उत्तर नसे, सूड असे. शिवाय दोघांनी मिळून शेरे मागे घ्यायची सोय होती, त्यामुळे ‘तू मागे घे, मी मागे घेतो’ ही तडजोड फसलेल्याला पत्करावी लागे. शेकडो सौदे केलेल्या विक्रेत्याला एका वाईट शेऱ्याने फारसा धक्का बसत नसे. चार-पाच सौदे केलेल्या नवख्याचं नाव मात्र डागाळे. कागदावर दोघांना सारखा अधिकार, व्यवहारात एकाची जीभ बांधलेली. रुमाल नव्हता, भाव उघडा होता, पण अडत्यापुढे गप्प राहणाऱ्या शेतकऱ्याची स्थिती इथे खरेदीदाराच्या वाट्याला आली होती.

हा बाजार आपल्याकडेही आला. अवनीश बजाज आणि सुवीर सुजान यांनी २००० साली मुंबईत ‘बाझी डॉट कॉम’ सुरू केलं. २००४ साली ईबेने ते सुमारे ५ कोटी डॉलरला विकत घेतलं आणि पुढे ते ‘ईबे इंडिया’ झालं. इथल्या माणसाने मात्र केवळ शेऱ्यांवर भरवसा ठेवला नाही. म्हणून ‘पैसापे’ ही सोय आली: खरेदीदाराने भरलेली रक्कम थेट विक्रेत्याच्या हाती न जाता आधी मधे थांबे आणि मग पुढे जाई. २०१७ साली ईबे इंडिया फ्लिपकार्टकडे गेलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झालं.

दरम्यान मूळ ईबेने २००८ साली मोठं पाऊल उचललं. मे महिन्यापासून विक्रेत्याने खरेदीदाराला वाईट शेरा देणंच बंद केलं. विक्रेते खवळले. वाढलेलं शुल्क आणि आधीच जाहीर झालेला हा नियम, दोन्हींच्या निषेधार्थ फेब्रुवारी २००८ मध्ये त्यांनी आठवडाभर बहिष्कार पुकारला होता. पैसे न भरणाऱ्या किंवा ‘सूट दे, नाहीतर वाईट शेरा देईन’ असं धमकावणाऱ्या ग्राहकाविषयी आम्ही बोलायचं तरी कुठे, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. परिणाम मात्र खरेदीदारांच्या बाजूने लागला. टोबियास क्लाइन आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की बदलानंतर खरेदीदारांचं समाधान वाढलं आणि विक्रेते बाजार सोडूनही गेले नाहीत. म्हणजे तेच विक्रेते अधिक नीट वागू लागले. सुडाची भीती गेल्यावर खरं बोललं जातं, आणि बोललं जाणार हे कळलं की समोरचा सुधारतो.

दुसरी वाट २०१४ साली घरं भाड्याने देणाऱ्या ‘एअरबीएनबी’ने दाखवली. तिथे घरमालक आणि पाहुणा दोघेही शेरा लिहितात, पण दोघांचे लिहून होईपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत कोणाचाच उघडत नाही. समोरच्याने काय लिहिलं हे ठाऊक नसेल तर त्याचा सूड घेता येत नाही, आणि बोलायचा हक्क मात्र दोघांकडे राहतो.

इथे आपल्या पेठेचा धडा नेमका उलटा होऊन समोर येतो. भाव झाकलेला होता म्हणून हत्ता पद्धत अन्यायाची होती. तक्रार उघडी होती म्हणून ईबेची पहिली पद्धत अन्यायाची होती. बोली सर्वांसमोर लागली पाहिजे, आणि दुबळ्याचा शेरा त्याचं बोलणं सुरक्षित होईपर्यंत झाकलेला राहिला पाहिजे. काय उघडं ठेवायचं आणि काय झाकायचं, हे ताकद कोणाकडे आहे ते पाहून ठरवावं लागतं. दोघांना सारखा नियम लावला म्हणजे न्याय झाला, ही समजूत कारंजापासून कॅलिफोर्नियापर्यंत प्रत्येक बाजाराने खोटी ठरवली आहे.

आपल्या देशात आता कायद्याने या गोष्टीची दखल घेतली आहे. जुलै २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून स्वतःच्या मालाला शेरे देण्यावर बंदी घातली. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ग्राहकांचे शेरे कसे गोळा करावेत, कसे तपासावेत आणि कसे प्रसिद्ध करावेत याचं मानक काढलं. शेतमालासाठी १४ एप्रिल २०१६ रोजी राष्ट्रीय कृषी बाजार, म्हणजे ई-नाम, ८ राज्यांतल्या २१ बाजारांत सुरू झाला आणि पुढे महाराष्ट्रातल्या बाजार समित्याही त्यात आल्या. फाटकावर नोंद, मालाची प्रत तपासणी, संगणकावर बोली, नोंदलेलं वजन आणि खात्यावर पैसे, अशी त्याची साखळी आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्राने फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा निर्णय केला. अडत्या कोणाचा प्रतिनिधी, या जुन्या प्रश्नाला हात घालणारा तो निर्णय होता.

जयसिंगपूरच्या विक्रमसिंह मैदानावर दर वर्षी गळीत हंगामाच्या तोंडावर राजू शेट्टी यांच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेची ऊस परिषद भरते. तिथे दराइतकीच काट्याची चर्चा असते. ऊस लिलावाने विकला जात नाही, तरी काटामारीचा संशय आणि बिलं थकण्याची भीती ही त्याच जुन्या पेठेची आहे. विकणारा एकटा बोलला तर त्याची तोड लांबू शकते, म्हणून तो मैदानात हजारोंच्या बरोबर बोलतो. शाहू महाराजांनी वसवलेल्या पेठेत शंभर वर्षांनंतरही विकणाऱ्याला सुरक्षितपणे बोलण्यासाठी गर्दीचा आधार लागतो, ही गोष्ट आपल्याला सलली पाहिजे.

मागणी अवघड नाही. वजन, प्रतीचा दाखला आणि पैसे चुकते झाल्याची तारीख या तीन गोष्टींची नोंद संगणकी सौद्यात आपोआप होऊ शकते. ती नोंद लपवून ठेवू नये. शेतकरी बोली स्वीकारतो त्या क्षणी बोली लावणाऱ्याने गेल्या हंगामात किती दिवसांनी पैसे दिले हे त्याला समोर दिसलं पाहिजे. आणि शेतकऱ्याच्या मालाची प्रत दाखल्याबरहुकूम निघाली की नाही हे खरेदीदारालाही दिसलं पाहिजे. मतांचे शेरे ठेवायचे असतील तर दोघांचे एकाच वेळी उघडावेत. शून्य पेमेंटचा रिवाज बेदाण्याच्या बाजाराने कोणत्याही संगणकाशिवाय चालवला आहे. तो प्रत्येक मालाच्या, प्रत्येक बाजार समितीच्या नियमात यावा. बाजार समितीच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला शेतकऱ्यांनी हे एवढंच विचारावं: गेल्या वर्षी कोणाचे पैसे किती दिवस थकले, याची यादी तुम्ही फाटकावर लावणार की नाही?